दहा जणांचा उत्तरार्ध

सेथ ऑर्मरॉड फारसा हसत नसे. मी त्याला मनापासून हसताना पाहिलं ते आमच्या क्लॉफ्टन रोव्हर्सने परगावी नऊ गोल खाल्ले त्या दिवशी. बसमध्ये सगळी पोरं माना खाली घालून बसली होती. सेथ पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणाला, "बरं झालं, दहा बोटांत भागलं." आणि स्वतःच हसायला लागला. मग एकेक करून सगळेच हसले. नऊ गोल खाल्लेल्या संघाची बस गाणी म्हणत गावात शिरली, म्हणून लोकांनी पुढे आठवडाभर आम्हाला नावं ठेवली.

मी क्लबातली धुणंवाली. नेली एन्टविसल, सगळे नेलच म्हणतात, पोरं तेवढी नेलआंटी. नवरा गेल्यावर दोन वर्षांनी मी हे काम धरलं आणि एकोणीस वर्षं केलं. प्रेक्षकांच्या लाकडी गॅलरीखाली माझी खोली होती आणि तिला लागूनच सेथची. मधली भिंत फळ्यांची. त्याच्या खोलीत एक उंच बाक, एक पांढरं कपाट, पट्ट्यांची भेंडोळी आणि त्याची ती बादली. पलीकडे कुणी सुस्कारा टाकला तरी मला इकडे ऐकू यायचा. खोटं कशाला बोलू, मी कान देऊनही ऐकायची.

सेथ तेवीस वर्षं कोळशाच्या खाणीत होता. तिथल्या बचाव पथकात त्याने जखमा बांधायला शिकून घेतलं. खाण बंद झाल्यावर क्लबाने त्याला ट्रेनर म्हणून घेतलं. त्याच्याकडे कसली पदवी नव्हती. मैदानात कुणी पडला की हा बुटका माणूस बादली घेऊन, पाणी सांडत, धापा टाकत धावायचा आणि सगळी गॅलरी ओरडायची, "चल सेथ, बस चुकेल!" पोरं म्हणायची की पाय मोडला तरी सेथ गार पाण्याचा स्पंज लावतो आणि शिव्या घालतो, आणि गुण शिव्यांनीच येतो. पण त्याच्या हातात काहीतरी होतं खरं. पोरगा शर्ट कसा काढतो एवढ्यावरून त्याला कळायचं, खांदा दुखतोय की बरगडी. कुणाचं घरी भांडण झालंय तेही कळायचं. ते मात्र तो कधी कुणाला बोलून दाखवत नसे.

मी सांगतेय त्या वर्षी एक नवा नियम आला होता. आम्ही चौथ्या विभागात, म्हणजे लीगच्या अगदी तळाशी. आजवर तळाला आलं तरी बाकीचे क्लब मतं देऊन ठेवून घ्यायचे. त्या वर्षापासून मतबित काही नाही. शेवटचा नंबर आला की लीगमधून बाहेर. आमचा क्लब पासष्ट वर्षं लीगमध्ये होता. गावातली सूतगिरणी गेली, खाण गेली, सिनेमाचं थिएटर गेलं. शनिवारच्या पेपरात निकालांच्या यादीत गावाचं नाव छापून यायचं, तेवढंच उरलं होतं.

ऑगस्टमध्ये पहिले तीन सामने आम्ही जिंकलो आणि गावाला चळ लागला. बेकरीच्या खिडकीत निळ्या-पांढऱ्या साखरेचे केक दिसू लागले. मग ऑक्टोबर आला, मैदानाचा चिखल झाला आणि ओळीने सात सामने गेले. मला निकाल विचारावा लागायचा नाही. हरणाऱ्या संघाचे शर्ट पाठीवर जास्त मळतात. नाताळच्या आत जुन्या मॅनेजरला काढलं आणि रे कॉटम आला.

कॉटम चाळिशीचा, हाडकुळा, सारखा नखं खाणारा. मॅनेजर म्हणून ही त्याची पहिलीच नोकरी. घरी दोन जुळ्या मुली. लोक आज त्याच्याबद्दल काही बोलले तर मला आवडत नाही. मी त्याला पाहिलंय सकाळी सातला एकटाच मैदानावर बागकामाचा काटा घेऊन पाण्याला वाट करून देताना. त्याने पोरांना पळायला लावलं, शिस्त लावली, आणि राखीव संघात कुजत पडलेल्या कॉलिन ब्रिअर्लीला वर आणलं.

कॉलिन एकवीस वर्षांचा, उंच, लाजाळू. गालिच्यांच्या कारखान्यात लागलेली नोकरी सोडून आलेला. त्याची आई शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढायची. मैदानाबाहेर त्याला दार उघडून आत यायचंसुद्धा अवघड वाटायचं, पण चेंडू हवेत आला की हा सगळ्यांच्या वर असायचा. जानेवारी ते एप्रिल त्याने अकरा गोल केले, त्यातले आठ डोक्याने. एका मोठ्या क्लबाचा माणूस ओव्हरकोट घालून दोनदा येऊन बसला तेव्हा गावभर झालं की उन्हाळ्यात कॉलिन जाणार. सेथने त्याला एवढंच सांगितलं, "जा, पण डोकं डोक्यासारखं वापर. हातोड्यासारखं नको."

शेवटच्या शनिवारी हिशेब सरळ होता. घरचा सामना, जिंकलो तर राहिलो, नाहीतर गेलो. एरवी हजार-बाराशे माणसं यायची, त्या दिवशी सहा हजार आली. स्टॉलवरच्या मटणाच्या पेस्ट्र्या दुपारी दोनलाच संपल्या. माझी मुलगी सासरहून आली होती, तिला उभं राहायला जागा मिळाली ती कोपऱ्यातल्या खांबाला मिठी मारून.

विसाव्या मिनिटाला आमच्या डाव्या बाजूच्या पोराच्या मांडीचा स्नायू धरला. त्या काळी राखीव खेळाडू एकच घेता यायचा, तो तेव्हाच खर्ची पडला. एकतिसाव्या मिनिटाला कॉलिनने डोक्याने गोल केला. मी कपड्यांची टोपली टाकून बोळाच्या तोंडाशी आले होते, म्हणून तो गोल मला दिसला. आणि त्रेचाळिसाव्या मिनिटाला तसाच एक चेंडू उंच आला, कॉलिन उडाला, त्यांचा बचाववाला उडाला, आणि दोन डोकी एकमेकांवर आपटली. आवाज आमच्यापर्यंत आला. सेथ धावला तेव्हा कुणी बसचं ओरडलं नाही.

कॉलिन उठला. उठला आणि हात वर केला. सहा हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या. मध्यंतरापर्यंतची दोन मिनिटं तो उभाही राहिला. पण बोळातून आत येताना मी त्याला पाहिलं. तो स्वतःच्या ड्रेसिंग रूमच्या दारावरून पुढे निघून गेला आणि माझ्या खोलीत शिरायला लागला. सेथने त्याला दंडाला धरून आपल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

मी फळ्यांशी उभी राहिले. पुढचं सगळं मी ऐकलंय. मधल्या भिंतीत दोन फळ्यांच्या मध्ये बोटभर फट आहे, त्यातून थोडं पाहिलंही.

कॉलिन म्हणाला, "स्कोअर काय झाला?"

"एक-शून्य. तूच केलास गोल."

"मी?" त्याला आनंद झाला. मग पाण्याचा आवाज. मग पुन्हा, "सेथ, स्कोअर काय झाला?"

"एक-शून्य."

"कुणी केला?"

सेथने उत्तर दिलं. त्याच स्वरात, जसं पहिल्यांदाच सांगतोय. मग त्याने विचारलं आज वार कोणता, तर कॉलिन म्हणाला मंगळवार. आईचं नाव नीट सांगितलं. घराचा नंबर सांगितला तो लहानपणच्या घराचा. आणि तिसऱ्यांदा त्याने स्कोअर विचारला.

तेवढ्यात कॉटम आला. दार वाजवलं, सेथने उघडलं नाही. मग उघडलं. कॉटम म्हणाला, दोन मिनिटं राहिलीत, त्याला बाहेर आण. सेथ म्हणाला, हा खेळणार नाही. कॉटमने कॉलिनला विचारलं, तर कॉलिन बाकावरून उतरत म्हणाला, "मी खेळणार, साहेब. मला काही झालेलं नाही." आणि खरंच, ऐकणाऱ्याला वाटलं असतं त्याला काही झालेलं नाही.

"ऐकलंस?" कॉटम म्हणाला. "आपल्याकडे राखीव कुणी नाही, सेथ. दहा जणांनी खेळायचं म्हणतोस? आज?"

"आज."

"डोक्याला टेंगूळ आलंय त्याच्या. टेंगळासाठी पासष्ट वर्षं बुडवायची?"

सेथने आवाज चढवला नाही. तो म्हणाला, "साहेब, हा पुन्हा उडाला आणि पडला, तर त्याच्या आईला जाऊन सांगावं लागेल. ती गोलामागे तिसऱ्या रांगेत बसलीय. मी नाही सांगणार. तुम्ही सांगणार असाल तर ही घ्या खोलीची किल्ली. मी दार अडवत नाही, तुम्ही न्या त्याला." आणि त्याने खरोखरच किल्ली पुढे केली. फटीतून मला त्याचा हात दिसत होता, पाण्याने सुरकुतलेला.

बोळात पंचांची शिट्टी वाजली. कॉटमने किल्ली घेतली नाही. तो वळला आणि निघून गेला.

सेथने माझ्या बाजूची फळी ठोकली. "नेल, ऐकतेयस ना? जा, टॅक्सी बोलाव."

तो कॉलिनला घेऊन हॉस्पिटलात गेला तेव्हा सामना चालू होता. ट्रेनरचे कपडे अंगावर तसेच, बादली बाकापाशी. त्यामुळे त्याने उत्तरार्ध पाहिला नाही. आमची दहा पोरं जीव तोडून खेळली. ऐंशी मिनिटं उलटून गेली होती, लोक घड्याळं बघून शिट्ट्या मारत होते, आणि त्यांना एक कॉर्नर मिळाला. कॉर्नरच्या वेळी कॉलिन मागे येऊन आपल्या गोलाच्या खांबापाशी उभा राहायचा आणि चेंडू डोक्याने बाहेर मारायचा. त्या दिवशी तिथे कुणी नव्हतं. एक-एक. तसाच सुटला सामना. हातातोंडाशी आलेला घास गेला. मोठमोठी माणसं पायऱ्यांवर बसून रडत होती, आणि मी बारा शर्ट धुवायला टाकले ते कॉलिनचा धरून.

गावाला दोष द्यायला माणूस हवा होता आणि तो लगेच सापडला. सोमवारच्या पेपरात आलं की ट्रेनरने आमच्या गोल करणाऱ्याला खोलीत कोंडून घातलं. मॅनेजर काही बोलायला तयार नाही, असंही आलं. तोवर कॉलिन हॉस्पिटलात चहा पीत बसलाय, त्याला धड खरचटलेलंसुद्धा नाही, अशी बातमी गावात फिरत होती. चिप्सच्या दुकानात सेथ रांगेत उभा राहिला तर पुढचा माणूस बाजूला झाला. मान द्यायला नव्हे. कामगारांच्या क्लबात तो तीस वर्षं एकाच टेबलावर बसायचा. त्या आठवड्यात त्या टेबलावर तो आणि त्याचा ग्लास, बस. कुणीतरी त्याच्या भाजीच्या वाफ्यातले कांदे उपटून टाकले. त्याने ते गोळा करून मला आणून दिले. म्हणाला, सूप कर, वाया नको जायला.

मी त्याला विचारलं, "तुला एवढी खात्री कशी होती रे?"

तेव्हा त्याने पहिल्यांदा सांगितलं. खाणीत त्याच्या तुकडीतला एक जण होता, अल्बर्ट फिटन. छताचा दगड डोक्याला लागला, थोडंसंच. स्वतःच्या पायांनी चालत खाणीतून वर नेणाऱ्या पिंजऱ्यात चढला. वर येताना त्याने सेथला विचारलं, बाहेर पाऊस आहे का. सेथ म्हणाला, नाही. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा सगळे हसले, सेथही हसला. वर आल्यावर त्याला चहा दिला. तासाभराने तो गेला.

"मी हसलो, नेल," सेथ म्हणाला.

पुढच्या मंगळवारी पहाटे कॉलिनची जीभ जड झाली आणि डावा हात हलेना. त्याला मँचेस्टरला नेलं आणि कवटी उघडून आत साकळलेलं रक्त काढलं. डॉक्टरांनी त्याच्या आईला सांगितलं की त्यावर आणखी एक आघात झाला असता तर इथवर आणायचीसुद्धा वेळ आली नसती. कॉलिन वाचला. फुटबॉल मात्र संपला.

ब्रिअर्लीबाई सेथच्या घरी आल्या तेव्हा मी तिथे होते. त्या कोट न काढता खुर्चीच्या टोकावर बसल्या. आभार मानायला आल्या असतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "तो नीट बोलत नाही, ऑर्मरॉड. चमचा धरता येत नाही. रात्रंदिवस रडतो." मग, "पण आहे." सेथने त्यांना चहा करून दिला. त्यांनी तो सगळा प्यायला आणि गेल्या.

आता कुणाला वाटेल, गाव वरमलं असेल. निम्मं वरमलं. निम्मं म्हणालं, पोराचं झालं ते वाईटच, पण निर्णय मॅनेजरने घ्यायचा असतो, बादलीवाल्याने दार लावून घ्यायचं नसतं. आमचे अध्यक्ष स्टॅन्सफील्ड, बेकरीवाले, तेही याच मताचे. त्यांनी जूनमध्ये सभा बोलावली. विषय दोन: क्लब चालवायचा की नाही, आणि हुकूम मोडल्याबद्दल सेथला ठेवायचं की नाही.

मी इतके दिवस गप्प होते. खरं कारण सांगते, मला माझ्या कामाची भीती होती. शिवाय फळीला कान लावून ऐकलं हे चारचौघांत कसं सांगायचं? सभेत सेथ मागच्या भिंतीला टेकून टोपी हातात घेऊन उभा होता. स्टॅन्सफील्डनी त्याला विचारलं, काही सांगायचंय का. तो म्हणाला, नाही. पुढच्या रांगेत कॉटम होता, नखं खात. मी वाट पाहिली. तो बोलेल असं मला वाटलं होतं. तो बोलला नाही, आणि मी उठले.

मी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. म्हटलं, दाराला कुलूप नव्हतं. सेथने किल्ली पुढे केली होती, न्यायचं असेल तर न्या म्हणाला होता. ती कुणी घेतली नाही. मी शेजारच्या खोलीत होते, मी पाहिलंय.

कुणीतरी मागून म्हणालं, "धुणंवाली आता क्लब चालवणार का?" थोडे लोक हसले.

तेव्हा कॉटम उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिचं खरं आहे. किल्ली माझ्यासमोर होती. मला नेता आलं असतं. मी नेलं नाही." मग म्हणाला, "आणि हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सहा आठवडे त्याला एकट्याला ते ओझं वाहू दिलं." मग तो खाली बसला.

मग हात वर झाले. क्लब चालवायचा ठरला आणि सेथलाही ठेवायचं ठरलं. विरोधात अकरा हात होते, ते कोणाचे हे मला अजून पाठ आहे.

बाहेर आल्यावर मला वाटलं सेथ काहीतरी चांगलं बोलेल. तो माझ्यावरच चिडला होता. "तू कशाला मध्ये पडलीस? त्या माणसाला दोन लहान मुली आहेत. आता त्याला कोण काम देणार?" चार दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. कॉटमने त्याच महिन्यात राजीनामा दिला. पुढे तो विमा विकायचा असं ऐकलं. सेथ त्याला दर नाताळला कार्ड पाठवायचा, हे मला पोस्टाच्या खिडकीवर कळलं.

कॉलिनला पुन्हा बोलता यायला वर्ष गेलं. डाव्या हाताला जोर कधी आला नाही. चार वर्षं तो मैदानाच्या रस्त्यानेसुद्धा गेला नाही आणि सेथचं नाव काढलेलंही त्याला खपायचं नाही. मोठ्या क्लबात जायचं होतं त्याला, खेळून मेलो असतो तरी चाललं असतं, असं तो आईला म्हणाला होता. सेथच्या कानावर हे आलं होतं. तो म्हणाला, "म्हणू दे. म्हणायला तो आहे ना."

मग कॉलिन रोपवाटिकेत कामाला लागला, त्याचं लग्न झालं. एका एप्रिलमध्ये तो सेथच्या वाफ्यावर टोमॅटोची रोपं घेऊन आला. मी कुंपणाशी उभी होते. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. तिथे फळ्या नव्हत्या. तासभर दोघं गुडघ्यांवर बसून रोपं लावत होते, एवढंच दिसलं. त्यानंतर तो दर रविवारी यायचा.

आम्ही लीगमध्ये अजून परत गेलेलो नाही. सेथ आणखी पाच हंगाम बादली घेऊन धावला, मग धावेना. सहाव्या वर्षीच्या फेब्रुवारीत छातीचं दुखणं घेऊन तो गेला. खाणीची धूळ, डॉक्टर म्हणाले. शवपेटी उचलायला सहा माणसं लागतात, आणि येऊन उभे राहिले चौदा जण, त्यातले सात त्या शनिवारी उत्तरार्ध खेळलेल्या दहांपैकी. कॉलिन सगळ्यांच्या पुढे झाला. डाव्या हातावर भरवसा नाही म्हणून त्याने बाजू बदलून घेतली आणि उजवा खांदा दिला. चर्चपासून दफनभूमीपर्यंतचा चढ मोठा आहे. मध्ये दोनदा माणसं बदलली, तो बदलला नाही.